भाऊ ‘अप्रेंटिस’ आहे म्हणून किमान वेतन नाही, हे खरं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ १९ वर्षांचा, बार्शीला आयटीआय करून फिटर झालेला, सात महिन्यांपासून चाकणच्या एका कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून आहे. हातात ८,५०० रुपये येतात. ड्युटी बारा तासांची, आठवड्याआड रात्रपाळी. शेजारच्या मशिनवर तेच काम करणारा ठेकेदाराचा माणूस जवळजवळ दुप्पट घेतो. एचआरवाले म्हणतात, अप्रेंटिसला किमान वेतन लागू होत नाही. आणि आता मावशीच्या १७ वर्षांच्या मुलालाही तिथेच लावायचं घरात चाललंय.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात बावीस वर्षं काढली. शेकडो अप्रेंटिसचे करार मी स्वतः भरलेत. आता सल्लागार म्हणून काम करतो, कंपन्यांसाठीही आणि कामगारांसाठीही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद कसे तयार होतात ते जवळून पाहिलंय.

आधी एक मान्य करू. एचआरचं वाक्य कायद्याला धरून आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचं कलम १८ स्पष्ट सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्या व्याख्येतही १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस ‘कर्मचारी’ या शब्दातून वगळलेला आहे. म्हणून खऱ्या अप्रेंटिसने किमान वेतन मागितलं तर ते मिळत नाही.

पण तुमचा भाऊ खरा अप्रेंटिस आहे का? सगळं यावरच अडलेलं आहे. ‘अप्रेंटिस’ हा कायद्यातला शब्द आहे. ‘ट्रेनी’ हा कंपनीचा शब्द आहे. गेटपासवर, जॉइनिंग लेटरवर, टी-शर्टवर कंपनी काहीही छापू शकते. कायद्याच्या व्याख्येत अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या करारानुसार प्रशिक्षण घेणारी व्यक्ती. करारच नसेल, तर कलम १८ ची ढाल कंपनीला कशी मिळणार?

चाकणला, रांजणगावला किंवा नाशिकच्या अंबडला ‘ट्रेनी’ म्हणून उभ्या असलेल्या पोरांमागे आज साधारण तीन प्रकारचे कागद असतात. पहिला, केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदलेला करार. दुसरा, राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात. तिच्यात आयटीआयवाल्याला सरकारकडून महिन्याला ८,००० रुपये थेट खात्यात येतात. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा झाली. आणि तिसरा प्रकार, कंपनीचं किंवा ठेकेदाराचं नुसतं पत्र: ‘आपली ट्रेनी म्हणून निवड झाली आहे.’ पूर्वी ‘नीम’ नावाचा आणखी एक प्रकार जोरात होता. ती योजना बंद झाली, पण एजंट लोक अजून तो शब्द वापरतात. तुमच्या भावाला कोणी ‘नीममधून लावलंय’ असं सांगितलं असेल तर सावध व्हा.

आता पैशाचं बघू. खऱ्या अप्रेंटिसला पगार नाही, विद्यावेतन मिळतं, म्हणजे स्टायपेंड. २०१४ च्या दुरुस्तीनंतर काही वर्षं ते राज्याच्या अर्धकुशल किमान वेतनाशी बांधलेलं होतं: पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. २०१९ मध्ये हा धागा तुटला आणि शिक्षणानुसार ठोक रकमा आल्या. पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची, म्हणजे ६,८०० ते १२,३०० पर्यंत नेण्याची शिफारस केली. पण शिफारशीवर पैसे मागता येत नाहीत, राजपत्रात आलेल्या दरावरच येतात. म्हणून बातमीतला आकडा घेऊन एचआरशी भांडायला जाऊ नका. त्या महिन्याला जो दर लागू असेल तोच धरायचा.

माझं वैयक्तिक मत सांगतो. किमान वेतनाशी असलेली ती गाठ सोडायला नको होती. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईनुसार दर सहा महिन्यांनी, १ जानेवारीला आणि १ जुलैला, बदलतो. ठोक रक्कम वर्षानुवर्षं तिथेच राहते. चाकणला चार पोरं एका खोलीत राहून खानावळीचा डबा लावतात. ७,००० मध्ये त्यांना घरून पैसे मागवावे लागतात, हे मी रोज बघतो.

तर २०१९ च्या दराने पाहिलं तर तुमच्या भावाचे ८,५०० हे ७,००० च्या वर आहेत. करार असेल, तर नुसत्या रकमेवरून कंपनीला पकडता येणार नाही. हे ऐकायला कडू आहे, पण आधी कळलेलं बरं. आणखी एक. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा उचलतं. २०२३ पासून तो थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. म्हणजे ७,००० ठरले असतील तर कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५००, असे दोन वेगळे जमा दिसतात. कित्येक आईबाप मला सांगतात, ‘साहेब, कंपनीनं दीड हजार खाल्ले.’ बऱ्याचदा खाल्लेले नसतात, आधार भलत्याच, जुन्या खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन पडलेले असतात. पासबुक आणि आधार दोन्ही तपासा.

मग बारा तासांचं काय? इथे मात्र कंपनी अडचणीत येते, करार असला तरी. अप्रेंटिसचे रोजचे तास ठरवण्याचा अधिकार २०१४ च्या दुरुस्तीने मालकाकडे गेला, हे खरं. पण ओव्हरटाइम? शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच द्यायची असते. ‘डिस्पॅच अडकलाय’ हे कारण त्यात बसत नाही. कलम १३ नुसार अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादन बोनस किंवा इन्सेन्टिव्हच्या योजनेत ओढता येत नाही. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं हाही गुन्हा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक वेळेला १,००० रुपये दंड ठरवला. रक्कम लहान आहे, मला ती फार लहान वाटते. तरी ती नोंद कंपनीच्या फाइलला लागते आणि मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे व्हेंडर त्या नोंदीला घाबरतात.

अप्रेंटिसला काम शिकवलं जात नसेल आणि तो फक्त टार्गेट काढत असेल, तर ते प्रशिक्षण नाही. भावाला नीट विचारा: गेल्या महिन्यात किती वेगवेगळी मशिनं हाताळली? ड्रॉइंग वाचायला, मायक्रोमीटर-व्हर्नियर लावायला कोण शिकवतं? थिअरीचे तास होतात का? रात्रपाळीत शिकवणारं माणूस कोण असतं? सात महिने एकाच प्रेसवर एकच पार्ट काढत असेल, तर उत्तर तुमच्या हातात आलंच.

मागच्या वर्षी एक आई प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचे कागद घेऊन आली होती. सगळ्यात वर पेस्लिप. पहिल्या ओळीत ‘स्टायपेंड’, खाली ‘अटेंडन्स अलाउन्स’, त्याखाली ‘प्रॉडक्शन इन्सेन्टिव्ह’. कपातीच्या बाजूला कॅन्टीन, बस, सेफ्टी शूज, आणि चक्क ‘पीएफ’. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘ताई, तुमची केस यांनीच लिहून ठेवलीय.’ १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही, त्याला ईएसआय, म्हणजे कामगार विमाही, लागत नाही. इन्सेन्टिव्ह तर देताच येत नाही. म्हणजे कंपनी सरकारी खात्यात त्याला कामगार म्हणून दाखवत होती, आणि तोंडाने मात्र अप्रेंटिस म्हणत होती. कामगार असेल तर त्याला किमान वेतन द्यायलाच हवं. आम्ही तो कागद पुढे केला आणि मागचा सगळा फरक मिळवला. त्या बाईंनी पेस्लिपा जपून ठेवल्या नसत्या, तर काहीच झालं नसतं.

आता कायद्यातला एक बारकावा. नेटवर बरेच जण सांगतात की कराराची नोंदणी झाली नसेल तर पोरगा आपोआप कामगार ठरतो. तसं नाही. उत्तर प्रदेश वीज मंडळाच्या शिवमोहन सिंग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की करार नोंदला गेला नाही, एवढ्यावरून अप्रेंटिसचा कामगार होत नाही. म्हणून केवळ ‘पोर्टलवर नाव नाही’ या एका गोष्टीवर सगळी भिस्त ठेवू नका. करारच नव्हता, काम नियमित उत्पादनाचं होतं, शिकवणं नव्हतं, पीएफ कापला, ओव्हरटाइम घेतला, हे सगळं एकत्र मांडलं की बाजू भक्कम होते. आणि कंपनीने खरोखर शिकवण्याचा कार्यक्रम चालवला असेल, त्याच्या नोंदी असतील, तर निकाल दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतो. कागद न बघता मी तुम्हाला ‘केस पक्की’ असं सांगणार नाही.

समजा तपासाअंती भाऊ कामगारच निघाला. मग त्याचं किमान वेतन कारखाना कुठल्या उद्योगात मोडतो, कुठल्या परिमंडळात येतो आणि तो कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावरून ठरतं. अभियांत्रिकी, रबर, प्लास्टिक यांच्या अधिसूचना वेगवेगळ्या आहेत. मूळ दर अधिक विशेष भत्ता, अशी बेरीज करायची. आयटीआय फिटर फिटरचंच काम करत असेल तर त्याला ‘अकुशल’ रकान्यात घालायला हरकत घ्या, कारण हा खेळ फार चालतो. आठ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर. ‘मी कमी पैशात काम करायला तयार आहे’ असं लिहून घेतलं असेल तर त्याला घाबरू नका. वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्य असतो. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं.

तुम्ही आता काय करायचं? भांडण नंतर, आधी कागद. जॉइनिंग लेटर, आयडी कार्ड, गेटपास, पेस्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, शिफ्टचा तक्ता, सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले ‘उद्या ओटी’ असे मेसेज, सगळ्याचे फोटो भावाच्या फोनमध्ये न ठेवता तुमच्याकडे मागवा. कारण मोबाइल गेटवर जमा करून घेतात आणि वाद सुरू झाला की सगळ्यात आधी मेसेज डिलीट करायला लावतात. आयटीआयची मूळ सर्टिफिकेटं कंपनीत जमा असतील तर ती काहीतरी निमित्त सांगून परत घ्या. मग पोर्टलवर भावाच्या नोंदणीने लॉगिन करून करार आहे का बघा. असेल तर त्यावर आस्थापनेचं नाव, ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन दिसेल. ट्रेड ‘फिटर’ आणि काम पॅकिंगचं, असं निघालं तर तो स्वतंत्र मुद्दा आहे.

करार असेल तर तक्रार सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे. जिल्ह्यात मुख्य आयटीआयशी जोडलेलं बीटीआरआय, म्हणजे अप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाचं, केंद्र असतं, तिथे जा. पदविका किंवा पदवीवाल्यांचं काम मुंबईचं पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं, गोव्याच्या मुलांचंही. करार नसेल तर सरळ कामगार आयुक्त कार्यालय. चुकीच्या दारात गेलात तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकून परत याल, म्हणून हा फरक ध्यानात ठेवा.

एक सल्ला अनुभवाचा. करार खरा असेल, पाचच महिने उरले असतील आणि परीक्षेला बसवणार असतील, तर रागाच्या भरात काम सोडू देऊ नका. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातात असलं की पुढच्या कंपनीत फिटर म्हणून बोलता येतं. ओव्हरटाइमची तक्रार करूनही प्रशिक्षण पूर्ण करता येतं. करार खोटा असेल तर मात्र तिथे घालवलेला प्रत्येक महिना वाया, आणि तो लवकर बाहेर पडलेला चांगला.

आता मावशीच्या मुलाबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलतो. १४ ते १८ वयाच्या मुलाला कामावर ठेवण्यावर बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर कडक बंधनं आहेत. धोकादायक उद्योग आणि प्रक्रियांत पूर्ण बंदी. इतरत्रही सलग तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, ती धरून दिवसाला एकूण सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुटी हवीच. त्या कारखान्यातली बारा तासांची पाळी यात कुठेच बसत नाही. ‘पोरगा लहान आहे म्हणून कमी पैसे’ हे कारणही आता टिकत नाही. १९४८ च्या कायद्यात किशोरांसाठी आणि अप्रेंटिससाठी वेगळे दर ठरवायची मुभा होती. वेतन संहितेत दर ठरतो तो कौशल्य, भूभाग आणि कामाचं स्वरूप यांवर. वयाचा रकाना त्यात नाही.

मग ठेकेदार काय करतो, तर आधार कार्डावरची जन्मतारीख बदलून आणायला सांगतो. कृपा करून हे करू नका. पंधराएक वर्षांपूर्वी एका प्रेस शॉपमध्ये असाच ‘१९ वर्षांचा’ मुलगा होता. रात्री पावणेतीनला उजव्या हाताची दोन बोटं गेली. सेन्सर बंद करून ठेवला होता, वेग वाढावा म्हणून. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याने पहिलं विचारलं, ‘साहेब, आता आयटीआयला घेतील का?’ खोट्या तारखेमुळे भरपाईच्या वेळी सगळे कागद त्याच्याच विरोधात उभे राहिले, आणि ठेकेदार म्हणाला, आम्हाला तर त्यानेच फसवलं. रीतसर अप्रेंटिस असता, तर कामावर झालेल्या इजेची भरपाई देणं कलम १६ ने मालकावर बंधनकारक होतं.

त्याला शिकायचंच असेल तर वाट आहे. शिकाऊ उमेदवारीसाठी किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी १८. दहावी झालेला असेल तर आधी आयटीआयला घाला, किंवा पोर्टलवरून ट्रेड बघून थेट करार करा. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, त्यामुळे जागा निघतात. तो १८ च्या आतला, कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, असल्यामुळे करारावर पालकाची सही लागते, म्हणजे मावशीची किंवा काकांची. सही करण्याआधी ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन हे तीन रकाने भरलेले आहेत का ते बघायला सांगा. कोऱ्या फॉर्मवर सही नको.

भावाचं नाव पोर्टलवर सापडलं की नाही, आणि पेस्लिपवर पीएफची ओळ आहे का, एवढं बघून कळवा. पुढचा अर्ज कुठल्या कार्यालयाच्या नावाने लिहायचा, ते त्यावरून सांगतो.